हेडलेस बेसच्या आवाजाचं एवढं वेड का, आणि घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो, सध्या साधा जॅझ टाइप बेस आहे, आता हेडलेस, म्हणजे टोकाला डोकं नसलेला, घ्यायचाय. व्हिडिओत सगळे म्हणतात हेडलेसचा आवाज पियानोसारखा स्वच्छ, पण बँडमधला गिटारवाला म्हणतो डोकंच उडवलं म्हणजे सस्टेन (नोट किती वेळ घुमत राहते ते) गेला, आवाज पातळ होणार. खरं कोणाचं? पुण्याच्या हवेत सांभाळायला त्रास होतो का? आणि चार तारांचा घ्यायचा की पाच?

अरे, दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलतायत. मी वाजवतो पण आणि बेंचवर लोकांचे बेस दुरुस्त पण करतो, सेटअप, फ्रेट, वायरिंग सगळं, आणि माझं मत असं की ज्या आवाजावर लोक फिदा आहेत तो मुळात कार्बनच्या नेकचा (तारांखालची लांब दांडी) आणि त्याच्यासोबत आलेल्या ॲक्टिव्ह पिकअपचा (तारांचा आवाज पकडणारा, बॅटरीवर चालणारा भाग) आवाज आहे. डोकं काढल्यानं जे मिळतं ते वेगळं, त्यात ग्लॅमर कमी, पण रोज वाजवणाऱ्याला तेच जास्त कामाचं. हे दोन हिशोब वेगळे ठेवलेस तर पैसे वाया जाणार नाहीत.

गोंधळ का झाला ते सांगतो. नेड स्टाइनबर्गर हा माणूस मूळचा फर्निचर डिझायनर, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये काम करायचा, तिथंच स्टुअर्ट स्पेक्टर नावाचा गिटार बनवणारा होता, त्याच्यासाठी यानं १९७७ च्या सुमारास वळणदार बॉडीचा एनएस बेस डिझाइन केला, जो आजही स्पेक्टर कंपनीची ओळख आहे. बाहेरचा माणूस असल्यामुळे त्याला एक गोष्ट खटकली जी आपल्याला सवयीनं खटकत नाही, की एवढे जड लोखंडी ट्युनर (तारा सुरात लावायच्या खुंट्या) काठीच्या पार टोकाला कशाला लटकवायचे? जुन्या पद्धतीचे मोठ्या कानाचे चार ट्युनर मिळून साडेतीनशे-चारशे ग्रॅम सहज होतात आणि ते सगळं डाव्या हातावर येतं. त्यानं ट्युनर उचलून ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागं नेले. मग टोकाला डोक्याचं कामच उरलं नाही. तिथंच न थांबता त्यानं लाकूडसुद्धा काढून टाकलं आणि अख्खा बेस कार्बन फायबर, ग्लास फायबर आणि इपॉक्सीचा ओतला, त्यावर ईएमजीचे ॲक्टिव्ह पिकअप लावले, आणि १९८० च्या सुमारास एल-२ बाजारात आला. १९८१ मध्ये टाइम मासिकानं त्या वर्षीच्या उत्तम डिझाइन्समध्ये त्याला घेतलं. स्टिंग, गेडी ली असे नावाजलेले बेसवाले तो घेऊन स्टेजवर दिसायला लागली आणि ऐंशीच्या दशकाचा बेस म्हटलं की तो वल्ह्यासारखा काळा तुकडा डोळ्यासमोर यायला लागला.

म्हणजे बघ, एकाच वाद्यात तीन बदल एकदम झाले, डोकं गेलं, लाकूड गेलं, पॅसिव्ह (बिनबॅटरीचे) पिकअप गेले. लोकांच्या डोळ्याला फक्त पहिला बदल दिसला, म्हणून सगळं श्रेय त्याला.

हे तपासायला लांब जायला नको. मॉड्युलस कंपनीचे बेस घे. जेफ गूल्ड नावाचा, विमान-अंतराळ क्षेत्रातल्या कंपनीत काम केलेला माणूस, त्यानं सत्तरच्या दशकातच कार्बनच्या नेक बनवायला घेतल्या होत्या. त्या बेसना चांगलं भलंमोठं डोकं आहे, रेड हॉट चिली पेपर्स बँडच्या फ्लीनं कित्येक वर्षं वाजवले, आणि आवाज तोच, काचेसारखा, प्रत्येक नोट सारख्या ताकदीची. आता उलटं घे. होनरचा बी-२, स्टाइनबर्गरचं लायसन घेऊन बनवलेला, दिसायला हुबेहूब पण अख्खा लाकडाचा, पॅसिव्ह हंबकर पिकअप. डोळे मिटून ऐकलास तर तो एक बरा, घट्ट आवाजाचा लाकडी बेस वाटतो. वाईट अजिबात नाही, मला तर आवडतो, पण तू ज्याच्या मागं लागलायस तो आवाज त्यातून येणार नाही. लेव्हल ४२ बँडच्या मार्क किंगचा स्लॅपचा (अंगठ्यानं तारा ठोकून काढलेला) आवाज ज्यांना हवा असतो त्यांनाही हेच सांगतो, स्टेटस ग्रॅफाइट या कंपनीच्या नावातच ग्रॅफाइट आहे बाबा, रॉब ग्रीननं इंग्लंडमध्ये त्या नेक बनवल्या म्हणून तो आवाज. (आणि मार्क किंगचा अंगठा. तो विकत मिळत नाही.)

मग डोकं काढून काही फरकच पडत नाही का? पडतो, आणि बेंचवर तो हातानं दाखवता येतो. साध्या चार तारांच्या बोल्ट-ऑन (नेक स्क्रूनं जोडलेल्या) बेसवर जी स्ट्रिंगचा, म्हणजे सगळ्यात बारीक तारेचा, पाचवा, सहावा, सातवा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी) एकेक करून वाजव, ॲम्प बंद ठेवून, घरात पंखाही बंद कर. बहुतेक बेसवर यातली एखादी नोट लवकर मरते, बाकीच्या घुमत राहतात आणि ही ठक् करून संपते. याला डेड स्पॉट म्हणतात. पाचव्या फ्रेटचा सी म्हणजे साधारण १३१ हर्ट्झ, सातव्याचा डी १४७, आणि नेकला स्वतःलाही हलायची एक फ्रिक्वेन्सी असते जी नेमकी याच भागात येऊन बसते, त्यामुळे ती नोट वाजली की तारेची ताकद नेक खाऊन टाकते. शाळेत बाकाच्या कडेवर पट्टी दाबून टंग करायचो ना, टोकाला खोडरबर चिकटवला की पट्टी सावकाश हलायला लागायची, तसंच हे, टोकाला वजन असलं की नेकची फ्रिक्वेन्सी खाली येते.

माझ्याकडे डेड स्पॉटची तक्रार घेऊन कोणी आलं की मी सुतारकामाचा छोटा सी-क्लॅम्प, मधे चामड्याचा तुकडा घालून, हेडस्टॉकला, म्हणजे डोक्याला, आवळतो आणि परत वाजवायला सांगतो. सहाव्या फ्रेटला मरणारी नोट अचानक जिवंत होते आणि पाचवा मरायला लागतो. मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. हाच प्रकार उलटा केला, म्हणजे वजन लावायच्या ऐवजी काढलं, अख्खं डोकं काढलं, तर तो डेड स्पॉट वर सरकतो, वरच्या फ्रेट्सकडे, जिथं आपण साथ करताना फार थांबत नाही. नाहीसा होत नाही हां. लाकडी हेडलेसवर पण मी डेड स्पॉट पाहिलेत, फक्त ते अशा ठिकाणी असतात की वर्षभर वाजवून पत्ता लागत नाही. कार्बन नेक त्याहून कितीतरी ताठ, त्यामुळे तिथं तो खेळ जवळजवळ संपतोच. म्हणून म्हणतात ना हेडलेसचा आवाज एकसारखा, सगळ्या नोटा एका उंचीच्या, ते खरं आहे, पण त्यातला थोडा भाग डोक्याचा आणि मोठा भाग नेकच्या ताठपणाचा. तुझ्या गिटारवाल्याला सांग सस्टेन जात नाही, झाला तर वाढतो. आवाज पातळ वाटतो तो वेगळ्या कारणानं, लाकडी नेक मधल्या फ्रिक्वेन्सीत जे थोडं खाते, थोडं फुगवते, त्या खडबडीतपणाची आपल्या कानाला सवय आहे, तो गेला की आवाज स्वच्छ पण जरा सपाट लागतो. चव आपापली.

आणि सस्टेन जास्त म्हणजे चांगलंच असं कोणी सांगितलं? आपल्याकडं मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात बेस वाजवशील तर कळेल. शेजारी डग्गा आहे, ढोलकी आहे, त्यांचा घुमारा आणि तुझी खालची नोट एकाच जागेत राहतात. तुझी नोट लांबली तर डग्ग्याची मींड त्यात बुडून जाते आणि तबलजी मध्यंतरात येऊन विचारतो की तुमचं काय चाललंय. तिथं नोट वेळेवर थांबवणं हेच अर्धं काम. कार्बन नेकवर डाव्या हाताची बोटं सैल सोडून नोट थांबवायची सवय मुद्दाम लावावी लागते, नाहीतर ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवायची, गादीवाल्याकडं मिळतो तो फोम चालतो, पंधरा-वीस मिलिमीटर रुंद. लावणीच्या गाण्यांना मी फोम लावतोच, फंक किंवा प्रोग वाजवताना काढतो.

आता बॅलन्स. हे व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण ऐकू येत नाही. पट्टा घालून दोन्ही हात सोड, साधा बेस असेल तर बऱ्याचदा डोकं जमिनीकडं जातं आणि तीन तास डावा खांदा आणि मनगट ते वजन उचलत राहतं. हेडलेस जागेवर राहतो. माझ्याकडं हेडलेस मागायला येणाऱ्यांमधे चाळिशीपुढचे वाजवणारे बरेच असतात, टोनबिन नंतर, आधी खांदा. पण इथं एक खोच आहे. ते छोट्या आयताकृती बॉडीचे जे असतात त्यांना वरचं शिंग (बॉडीचा पुढं आलेला टोकदार भाग) नाही, त्यामुळं पट्ट्याची खुंटी नेकच्या बुडाशी मागं असते आणि अख्खा बेस डावीकडं सरकतो, पहिला फ्रेट हातभर लांब गेल्यासारखा वाटतो. मूळ एल-२ ला यासाठी मागं फिरणारी प्लेट दिली होती आणि बसून वाजवायला मांडीवर टेकवायची घडीची पट्टी, स्वस्त नकलांमधे यातलं काही धड नसतं. शिवाय उजवा हात टेकवायला जागाच नाही, पहिले काही दिवस हात अधांतरी. नवीन पद्धतीचे आयबानेझ ईएचबी, किंवा स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गचे बोडेन, यांना व्यवस्थित बॉडी आणि शिंग आहे, तिथं हा त्रास नाही. तू आत्ता जॅझ टाइप वाजवतोयस तर असलाच घे, छोट्या वल्ह्याच्या फंदात पडू नको.

लांबीचं पण सांगतो. साधा बेस ४६ इंचाच्या आसपास, हेडलेस ३८-३९, स्केल (तारेची वाजणारी लांबी) मात्र तेच ३४ इंच ठेवता येतं. हे सात-आठ इंच म्हणजे काय ते गणपतीतल्या मंडपाच्या स्टेजवर कळतं, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक, निवेदिका, मागं भलामोठा फ्लेक्स, आणि तू वळलास की डोकं थेट सिंबलवर. ॲक्टिव्हावर पाठीला गिगबॅग लावून सिंहगड रोडनं गेलास तरी कळेल, वर आलेलं टोक प्रत्येक फांदीला आणि मागं बसलेल्याच्या हेल्मेटला लागतं. हेडलेस डोक्याच्या खालीच राहतो. मात्र विमानात केबिनमधे नेता येतो म्हणून घेऊ नको, आपल्याकडं केबिन बॅगेची मर्यादा साधारण ५५ सेंटिमीटर आहे, नियमानं हेडलेस पण त्यात बसत नाही, क्रूनं चालवून घेतलं तर नशीब.

पुण्याची हवा. मे महिन्यात इथं हवा खडखडीत कोरडी आणि जुलैत भिंतीला ओल, त्यामुळं लाकडी नेक वर्षातून दोनदा तरी हलते, कधी पुढं वाकते कधी मागं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बदलते, बझ (तार फ्रेटला घासल्याचा आवाज) येतो, ट्रस रॉडला (नेकचा बाक जुळवायची आतली सळई) पाव फेरा द्यावा लागतो. जूनच्या शेवटी माझ्या बेंचवर रांग असते ती यामुळंच. हेडलेस आहे म्हणून यातून सुटका नाही, लाकडी हेडलेसची नेक पण लाकूडच. कार्बनवाल्याला मात्र ढिम्म फरक पडत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की जुन्या पूर्ण कार्बनच्या स्टाइनबर्गरला ट्रस रॉडच नाही, कारखान्यातून नेकला जो बाक मिळाला तो मिळाला, तू फार जाड किंवा फार बारीक तारा लावल्यास तर जुळवून घ्यायला काही साधन नाही. मधला मार्ग म्हणजे लाकडी नेक पण आत ग्रॅफाइटच्या सळ्या, आणि ट्रस रॉडही आहे. माझ्या मते आपल्या हवेला हेच सगळ्यात व्यवहारी. आणि तारा स्टीलच्याच, त्यामुळं सारसबागेत दिवाळी पहाटेला पाच वाजता साउंडचेक केलास आणि ऊन आल्यावर वाजवलंस तर ट्युनिंग उतरणारच, कुठलाही बेस असो.

ट्युनरबद्दल जरा जास्त लिहितो कारण स्वस्त हेडलेसचं वाटोळं इथंच होतं. चांगल्या हेडलेसवर तार खुंटीला गुंडाळायची भानगड नाही, ब्रिजमागचा नॉब फिरवला की जबडा तार सरळ मागं ओढतो, स्टाइनबर्गरच्या ट्युनरचा रेशो ४०:१ आहे त्यामुळं केसाइतका फरक सहज पकडता येतो आणि तार बदलून लगेच वाजवता येते, गुंडाळ्यांमधला ढिलेपणा नसल्यामुळं दोन दिवस ताणत बसावं लागत नाही. स्वस्तात मात्र जबडा आणि स्क्रू दोन्ही मऊ धातूचे, ताणाखाली नॉब फिरत नाही, बोटं दुखतात, मग लोक पक्कड लावतात आणि आटे जातात. आपल्याकडं त्यात घामाची भर, पाम म्यूट (तळवा टेकवून आवाज दाबणं) करताना तळवा नेमका ट्युनरवरच असतो, ऑक्टोबरपर्यंत गंज. प्रत्येक शो झाला की कोरड्या फडक्यानं पूस आणि तारा बदलताना आट्यांना बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लाव, एवढं केलंस तर वर्षानुवर्षं चालतात. दुकानात बघशील तेव्हा ई स्ट्रिंग पूर्ण सुरात असताना फक्त दोन बोटांनी नॉब अर्धा सूर वर नेऊन बघ. जमलं नाही तर तो बेस तिथंच ठेव, रंग कितीही भारी असू दे.

तारांचं. मूळ स्टाइनबर्गर पद्धतीला दोन्ही टोकांना बॉल असलेल्या तारा लागतात आणि त्या ठरावीक लांबीच्याच, पुण्यात दुकानात जाऊन मागितल्यास तर बहुतेक वेळा मागवून देतो असंच उत्तर मिळेल. म्हणून नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाशी, ॲलन स्क्रूनं साधी तार आवळता येते असाच हेडपीस बघ, ईएचबीवर तसाच आहे. तार आवळताना क्रम चुकवू नको, आधी ताणून स्क्रू घट्ट, मग सुरात आण, आणि मग जास्तीची तार काप. राउंड कोअरची (गोल गाभ्याची) तार असेल तर कापायच्या आधी काटकोनात मोड, नाहीतर आतली गाभ्याची तार आणि वरचं वेटोळं एकमेकांपासून सुटतं आणि नवी तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. लोक म्हणतात हेडलेसवर तारा लवकर मरतात, त्यातल्या निम्म्या तक्रारी याच आहेत. ती ॲलन की बॅगेत दोन ठेव, आणि ॲक्टिव्ह असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी पण, शो संपला की केबल काढून ठेव कारण जॅक आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

काही गोष्टी नसतील त्याची तयारी ठेव. क्लिपवाला ट्युनर लावायला जागा नाही, पेडल ट्युनर घे. भिंतीवरच्या हुकाला टांगता येत नाही. गाण्याच्या मधेच खटक्यात ड्रॉप डी करायची (जाड ई तार डी सुरापर्यंत उतरवायची) लिव्हर हेडस्टॉकवरच बसते, ती विसर, स्टाइनबर्गरचा त्यासाठीचा खास ब्रिज होता पण तो मिळवणं म्हणजे स्वतंत्र उद्योग.

चार की पाच? खालचा बी म्हणजे ३१ हर्ट्झच्या आसपास, साध्या ३४ इंची लाकडी बेसवर तो बऱ्याचदा लोंबकळतो. तुझा बँड जर गिटार खाली ट्यून करून वाजवत असेल तर पाच तारांचा मल्टिस्केल बघ, ईएचबी १००५ एमएस मधे बी ची बाजू ३५ इंच आणि जी ची ३३ आहे, फ्रेट तिरके दिसतात म्हणून घाबरू नको, अर्ध्या तासात हात बसतो. मराठी कार्यक्रम, सुगम, कव्हर हेच वाजवणार असशील तर चार पुरे. मात्र तुला फक्त तो काचेसारखा आवाजच हवा असेल, खांदा दुखत नाही, बॅलन्सचा त्रास नाही, तर आत्ताच्याच जॅझ बेसला नव्या स्टेनलेस स्टीलच्या तारा लाव, एक चांगला ॲक्टिव्ह प्रीॲम्प (बॅटरीवर चालणारं, आवाज घडवणारं आतलं सर्किट) बसव, सेटअप करून घे. पुष्कळसं तिथंच जमेल, आणि उरलेल्या पैशात बरा ॲम्प येतो, तुझ्याकडं कुठला आहे ते लिहिलं नाहीयेस.